ओडेल गेन्सची कवळी

ओडेलने चर्चमध्ये ऑर्गन वाजवावा, अशी त्याच्या आईची फार इच्छा. पोरगं मात्र सॅक्सोफोन घेऊन एका नाचाच्या बँडबरोबर बसमध्ये चढलं ते वीस वर्षं उतरलंच नाही. ज्या हॉटेलात रात्रभर गोऱ्यांना नाचवायचं, तिथेच काळा म्हणून मागच्या दाराशी उभं राहून जेवायचं. तरी नाव झालं, एक रेकॉर्डही निघाली. पुढे बँड मोडला. ओडेल कॅन्सस सिटीला घरी परतला आणि खाटीकखान्यात कामाला लागला. वाजवायला उरला फक्त रविवार, वादक संघाच्या हॉलवर.

निवृत्त झाल्यावर सगळे दिवस मोकळे मिळाले आणि नेमके वरचे दात गेले. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते असं. कवळी बसवली, पण फुंकताना ती हलायची आणि सूर फाटायचा. कित्येक महिने तो दार लावूनच वाजवत राहिला.

"आज हॉलवर जातोस की नाही?" शेवटी बायको लुवेनियाने विचारलं.

"हसतील गं."

"हसू देत! मी एकटीनेच किती ऐकायचं हे रडगाणं?"

वादक संघाच्या हॉलमधली रविवारची रीत निर्दय होती. दर फेरीला पियानोवाला पट्टी बदलून वर चढवणार. ज्याला झेपणार नाही, त्याला "उतर खाली!" म्हणून सगळ्यांदेखत हाकलणार.

ओडेल वाजवू लागला आणि पट्टी काही चढेना. पियानोवर त्याचा जुना दोस्त क्लिओटिस होता. तो मान खाली घालून त्याच सोप्या पट्टीत घुटमळत होता. तिथली तरुण वादक पोरं टाळ्या वाजवत होती, आजाऱ्याला धीर द्यावा तशा. हसले असते तर ओडेलने सोसलं असतं. ही दया त्याला झोंबली.

तो थांबला. "क्लिओटिस, मेलोय का मी?"

"दमानं घे रे. तुझी ती कवळी..."

ओडेलने कवळी काढून खिशात टाकली. "आता चढव," तो बोबडा बोलला, "नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

क्लिओटिसने पट्टी चढवली. नुसत्या हिरड्यांवर पहिला सूर फाटला, दुसराही. मग जाडाभरडा, पण ओडेलचाच आवाज घुमला. त्याने ती पट्टी पेलली, पुढचीही. तिच्या पुढच्या पट्टीला ओठातून रक्त आलं आणि सूर साफ हुकला. सगळे क्लिओटिसकडे बघू लागले.

क्लिओटिसचे डोळे भरले होते. "उतर खाली, म्हाताऱ्या!" तो ओरडला.

आणि ओडेल गेन्स हिरड्या दाखवत हसत, चारचौघांसारखा हरून खाली उतरला.