आमचं बाथरूम पार्टीला दाखवताना

आमचं गारखेड्याचं घर विकलं गेलं, तेव्हा मी त्याच घराच्या बाथरूममध्ये अडकलेलो होतो. सौदा माझ्या गैरहजेरीत झाला. (गैरहजेरी म्हणजे दाराच्या जाडीएवढीच.)

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मंदाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे कुरकुरायला लागले तसं आम्ही जवळच तळमजल्याचं एक घर पसंत केलं. पण इकडचं विकल्याशिवाय तिकडचं घेणं शक्य नव्हतं, आणि तिकडचे मालक "थोडे दिवस थांबतो, मग दुसऱ्याला देतो" असं गोड आवाजात बजावून गेले होते. एजंट रफिकभाई एकेक गिऱ्हाईक आणायचे. (त्यांच्या भाषेत 'पार्टी'.) पार्टी हॉल बघून खूश व्हायची, किचन बघून मान डोलवायची आणि बाथरूमचं दार उघडलं की घड्याळ बघायला लागायची.

"साब," रफिकभाई एकदा जिन्यात मला म्हणाले, "घर एकदम कड़क है. लेकिन बाथरूम देखे की पार्टी पलट जाती. अंदर आदमी घुसेगा किधर से? ड्रमच ड्रम!"

खोटं काहीच नव्हतं. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा सोसायटीची मोटर लागते, जिन्यात हाकाटी होते आणि मिळेल त्या भांड्यात भरून ठेवायचं. आमच्या बाथरूममध्ये दोन निळी पिंपं, चार बादल्या, एक टब आणि उरलेल्या जागेत मी, अशी आंघोळ चालायची. पण या सगळ्या पाण्याचं राज्य मंदा असं चालवायची की बघत राहावं! कोणतं पाणी प्यायचं, कोणतं धुण्याचं, कोणतं आधी संपवायचं, सगळं तिच्या डोक्यात. ऐन उन्हाळ्यात अख्खी बिल्डिंग टँकरवाल्याच्या विनवण्या करायची, तेव्हा आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा आंघोळीचा आग्रह व्हायचा.

तरीही बाथरूमचा प्रश्न मीच सोडवायचं ठरवलं. कारण मी एक व्हिडिओ बघितला होता. 'घर विकायचंय? बाथरूम हॉटेलसारखं सजवा!' असं त्यातली बाई हसून हसून सांगत होती. (त्या बाईच्या गावाला पाणी रोज येत असावं.)

"अहो, स्वच्छ घासू, फुटकी फरशी बदलू, बल्ब जरा मोठा लावू. बास की," मंदा म्हणाली.

"मंदा, तुला सजावटीतलं कळत नाही."

हे वाक्य मी खरोखर, शुद्धीवर असताना बोललो.

पिंपं पाण्यासकट बाहेर काढली. म्हणजे मी ढकलली, आणि कमरेतून कळ आल्यावर मंदाने आणि शेजारच्या काकूंनी ती बेडरूममध्ये नेली. दोन्ही शेजारी ठेवून त्यांवर फळी टाकली, फळीवर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ, वर फुलदाणी. झालं टेबल! बाथरूममध्ये पांढरे शुभ्र टॉवेल गुंडाळून रचले. प्लास्टिकचा वेल सोडला. काचेच्या मोठ्या वाडग्यात पाणी घालून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. सुगंधी मेणबत्ती ठेवली. बादल्या, टब आणि लाल मग रंगसंगती बिघडवत होते, त्यांना गॅलरीत हद्दपार केलं. नवा शॉवर मी स्वतः बसवला. दाराची जुनी कडी काढून गोल मुठीचं चकचकीत कुलूपही मीच बसवलं.

"मूठ हलतेय," मंदा म्हणाली.

"ती फिरायलाच असते."

रविवारी रफिकभाई पार्टी घेऊन आले. घर घेणारा संतोष वाळूजला कंपनीत नोकरीला होता, आणि त्याच्या आई गयाबाई खास घर बघायला फुलंब्रीहून आल्या होत्या. गयाबाई म्हणजे काय नजर! हॉलच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारून बघितली, गॅलरीतून खाली वाकून बघितलं, किचनच्या ओट्यावरून हात फिरवला आणि हात बघितला. मंदाचा ओटा होता. हात कोरडा ठणठणीत निघाला.

"बाई, घर लई निगुतीनं ठिवलंय," गयाबाई म्हणाल्या.

आता माझी पाळी! मी ऐटीत बाथरूमचं दार उघडलं. मेणबत्ती तेवत होती, पाकळ्या तरंगत होत्या. गयाबाई उंबऱ्यावरच थबकल्या.

"संतोष, इथं पूजा हाय का काय?"

"नाही नाही, मावशी," मी म्हणालो, "बाथरूमच आहे. आणि हे दार बघा, नवं कुलूप. आतून असं लावलं की..."

मी आत गेलो. दार लावलं. मूठ फिरवली. मूठ माझ्या हातात आली. पलीकडे, दाराबाहेर, दुसरी मूठ फरशीवर पडल्याचा आवाजही मी ऐकला.

"अहो?" मंदाचा आवाज.

"एक मिनिट! आतून जरा निरखतोय!"

निरखता निरखता माझं कोपर लागलं आणि एक टॉवेल मेणबत्तीवर कलंडला. पांढरा शुभ्र टॉवेल बघता बघता तपकिरी झाला आणि धूर निघाला! मी शॉवरचं चाक गरागरा फिरवलं. शॉवरने नुसता सुस्कारा सोडला. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हताच! मग गुलाबाच्या पाकळ्यांसकट अख्खा वाडगा टॉवेलवर रिकामा केला. आग विझली, मेणबत्तीही विझली. थोड्या पाकळ्या माझ्या चष्म्याला चिकटल्या.

"जळू राहिलं काय?" बाहेरून गयाबाई.

"मूठ तुटली, मावशी. हे अडकलेत," मंदा म्हणाली. माझी अब्रू तिने दोन वाक्यांत मोकळी केली. "थांबा, मी सांडशी आणते."

आणि नेमक्या त्या क्षणी खालून आरोळी आली, "पाणी आलं होऽऽ!"

वार नसताना पाणी! बाहेर मंदाची पावलं ऐकू आली. ती माझ्या दिशेने येत नव्हती. ती किचनकडे धावत होती.

"मंदा! मी आत आहे!"

"तुम्ही कुठं जाताय! पाणी जाईल!"

बेडरूममधून सर्रकन टेबलक्लॉथ ओढल्याचा आवाज आला, फळी आपटली, आणि संतोष ओरडला, "आई, हे टेबल नाय! पिंप हाय!"

"दोन हायत बाबा," गयाबाई म्हणाल्या. "बाई, एक अर्धंच हाय. कोणती बादली घेऊ?"

पार्टी पाणी भरायला लागली! रफिकभाईसुद्धा बाह्या सरसावून हंडे उचलत होते. "भाभीजी, ये किधर?" "पिण्याचं आहे, ओट्यावर!" "और ये?" "धुण्याचं, गॅलरीत!" भांड्यांचा खणखणाट, त्यात मंदाचा शांत, स्वच्छ आवाज. एका बाईने घर विकायला काढलंय आणि विकत घेणारेच तिच्या हुकमावर पळतायत! आत अंधारात उभा राहून मी तो आवाज ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला तिचा इतका अभिमान वाटला की... एवढ्यात डोक्यावरचा शॉवर सुरू झाला.

चाक उघडंच राहिलं होतं. आता ते दोन्हीकडे नुसतं गरगर फिरत होतं. मी नखशिखांत भिजलो.

"अहो, शॉवर बंद करा! पाणी वाया जातंय!"

"बंद होत नाहीये!"

"मग खाली काहीतरी धरा!"

मी वाडगा धरला. वाडगा भरला. ओतायला दुसरं भांडंच नव्हतं, ती सगळी मी रंगसंगतीसाठी हाकलली होती. दाराच्या त्या बाजूला आता घराचं बोलणंही चाललं होतं.

"बाई, खरं सांगा, पाण्याची लई ओढ हाय का इथं?"

मी दाराला कान लावला. मंदा काय सांगणार?

"आहे मावशी. खोटं कशाला बोलू? पण एवढी भांडी भरली की पुढच्या पाण्यापर्यंत पुरतं. कसं पुरवायचं ते मी दाखवते. पिंपं तुम्हालाच ठेवून जाईन."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"संतोष," गयाबाई म्हणाल्या, "घर पक्कं कर. जी बाई नवऱ्याच्या आधी पाणी भरती, तिच्या घरात कधी काय कमी पडलं नसंल!"

त्यानंतर मंदाला माझी आठवण झाली. तिने सांडशीने कुलपातली सळई पकडली, अलगद फिरवली आणि दार उघडलं. मी बाहेर आलो. अंगावरून पाणी निथळतंय, चष्म्यावर पाकळ्या, हातात काठोकाठ भरलेला वाडगा. गयाबाईंनी पुढे होऊन वाडगा घेतला आणि पाणी बादलीत ओतलं. माझ्याकडे त्यांनी नंतर बघितलं.

"बाथरूम तेवढं आम्ही तोडून नवं करू," त्या म्हणाल्या. "बाकी घर झकास हाय."

व्यवहार पार पडला, आम्ही तळमजल्यावर राहायला आलो, मंदाचे गुडघे सुखावले. परवा रफिकभाईंचा फोन आला. एक घर बरेच दिवस अडकून पडलंय, भाभीजींनी येऊन पार्टीशी नुसतं बोलावं, अशी विनंती.

"मीही येतो की," मी म्हणालो. "सजावटीचा मला अनुभव आहे."



"जरूर आओ साब," रफिकभाई म्हणाले. "अंदर बंद करने को भी कोई होना ना!"