सेल नसलेला बुद्धिबळाचा पट

भुतं, करणी, लिंबू-मिरची... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. आणि 'आत सेल राहिले असतील' असं खाली लिहायला निघालेल्या शहाण्यांनो, जरा थांबा — सेल मी स्वतः काढले होते. सगळी बोंब तिथूनच सुरू झाली.

मी गोंदियाचा. १९९९पासून बुद्धिबळाचे पट आणि चेस कॉम्प्युटर जमवतोय. सागवानी, संगमरवरी, चुंबकाचे... आणि सहा मशिनी. बायको म्हणते, घरात माणसं कमी, प्यादी जास्त. म्हणू दे.

सातवं मशीन आमगावला होतं, मला खेळ शिकवणाऱ्या रामटेके गुरुजींकडे. प्रत्येक घराला बारीक लाल दिवा. त्यांच्या मुलानं, संजयनं, २००१ला सुट्टीत येताना आणलेलं. बापलेक त्यावर खेळले, डाव अर्धा राहिला, चाल संजयची होती. तो नोकरीवर परत गेला आणि महिनाभरात अपघातात वारला. तेव्हापासून गुरुजींनी ते मशीन बंद होऊ दिलं नाही. सेल बदलायचे तेही अडॅप्टर लावून, आतला डाव पुसला जाऊ नये म्हणून. मी हावरट, दर खेपेला मागायचो. त्यांचं एकच — "डाव पुरा होऊ दे, मंग ने."

२००७च्या उन्हाळ्यात गेलो. गुरुजी पाणी आणायला आत गेले. मशीनच्या बाजूच्या खणातून हिरवट पाझर दिसला. गळके सेल दिसले की आधी बाहेर, ही आम्हा जमवणाऱ्यांची खोड! काढले. अडॅप्टर लावायचं डोक्यातच आलं नाही. दिवे विझले. घाईघाईत तेच सेल परत कोंबले, पण दिवे लागेनात, डाव गेला तो गेलाच. तेवढ्यात गुरुजी पाणी घेऊन आले.

"काऊन विझलं रे?"

"आपोआप, गुरुजी. मी हात नाही लावला."

त्यांनी मशीनचं बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ने आता. कायले ठेवू?" तेव्हा मला आनंद झाला होता. लाज वाटते सांगायला.

घरी आणून सेल काढले, शोकेसमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, लोडशेडिंग, पंखा बंद... आणि त्या मशीनवर एका घरात दिवा! जी-पाच. मग एफ-सात. पुन्हा जी-पाच, पुन्हा एफ-सात. मग रोजच. बाजारातल्या मेकॅनिकनं उघडून पाहिलं — "भैया, इसमें तो जान ही नहीं है!"

माझी टरकली. मशीन घेऊन आमगाव गाठलं. तिथं एकही दिवा लागेना. दोन्ही घरं गुरुजींना सांगितली. त्यांनी लाकडी पट काढला, सहा वर्षांपूर्वीचा डाव न अडखळता मांडला आणि पांढरा घोडा जी-पाचवरून एफ-सातवर ठेवला. शह आणि मात.

"पोरगा जिंकला रे..." गुरुजी हमसून हमसून रडले. मग माझ्याकडे वळले. "तुह्या घरी लागून राहिला, माया घरी नाही. काऊन?"

मी खरं सांगितलं.

त्यांनी मशीन उचलून माझ्या हातात कोंबलं. "डाव पुरा झाला का देतो म्हटलं होतं. झाला पुरा. घेऊन जाय. आन् पुन्हा या घराची पायरी चढू नोको."

चढलो नाही. २०१२ला गुरुजी गेले, तेही मला कोणी कळवलं नाही.

तो दिवा कसा लागला, मला विचारू नका. मशीन शोकेसमध्ये आहे. नवे सेल घातले तरी लागत नाही.