बलिया टाळण्यासाठी एक्सेल

ऑफिसातले किस्से पानाच्या पिचकाऱ्यांसारखे असतात. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण जिन्याच्या कोपऱ्यात बघावं तर थर चढलेला! आमच्या ऑफिसातल्या या थरात सगळ्यात जास्त रंग माझा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

सुरुवात झाली ती वरून आलेल्या ऑर्डरमुळे. सगळ्या बाबू लोकांची एक्सेलची परीक्षा होणार. पास तो बनारसला राहणार, नापास त्याची बदली दूर बलियाला होणार!

मी मूळचा सोलापूरचा. नोकरीसाठी बनारसला आलो आणि इथल्याच मराठी घरचा जावई झालो. बायको सुधा रामघाटावर जन्मली, तिथेच वाढली. तिला ऑर्डर वाचून दाखवली, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, मी रामघाट सोडून कुठे येणार नाही, समजलं ना? परीक्षा तुमची, बलियाही तुमचं!"

तेव्हापासून मी एक्सेलच्या मागे हात धुऊन लागलो.

*

शेजारच्या टेबलावर मिश्राजी. त्यांना सगळे शॉर्टकट पाठ. अडचण एकच, सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्या तोंडात पान. मग बोलणं बंद, फक्त हातवारे.

एकदा माझ्याकडून चुकून अख्खी शीट सिलेक्ट झाली. सगळं निळं पडलं. मी घाबरून विचारलं, "मिश्राजी, डिलीट दबाऊँ?"

त्यांनी डोळे मोठे केले आणि पंजा उंच धरला. आता बनारसमध्ये असा पंजा दिवसातून कितीदा तरी डोक्यावर धरला जातो. मला तो आशीर्वाद वाटला. मी नमस्कार केला आणि बटण दाबलं!

मिश्राजी धावत बाहेर गेले, थुंकले, धावत आत आले. "महाराज, हम रोक रहे थे!"

*

मग मॅडम आल्या. लखनौहून, आम्हाला शिकवायला. पहिल्याच दिवशी त्यांनी जादू दाखवली. एका खान्यात सोमवार लिहायचं, कोपरा धरून खाली ओढायचं, की मंगळवार, बुधवार आपोआप हजर! आपली स्वतःची यादी शिकवली तर तीही ओढता येते म्हणे.

मी हुरळलो. घरी आलो आणि एक्सेलला प्रतिपदेपासूनच्या सगळ्या तिथ्या शिकवल्या. समोर तारखा लावल्या आणि ओढलं की वर्षभराचं पंचांग तयार! प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली. सुधा पहिल्यांदाच कौतुकाने म्हणाली, "चला, काहीतरी उपयोग झाला."

त्या प्रिंटप्रमाणे एकादशीचा कडकडीत उपवास केला, दोघांनीही. संध्याकाळी खालचे घैसास गुरुजी भेटले. सुधा म्हणाली, "गुरुजी, आज एकादशी ना, साबुदाण्याची खिचडी पाठवते."

गुरुजी म्हणाले, "वहिनी, आज दशमी. या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस होती."

म्हणजे खरी एकादशी उद्या! दुसऱ्या दिवशी पुन्हा उपवास. मी पोट धरून गुरुजींना म्हणालो, "अहो, एक्सेलमध्ये तर बरोबर ओढलं होतं!"

"तिथी ओढून येत नसते हो," गुरुजी म्हणाले, "ती यायची तेव्हा येते."

*

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कामांची यादी मी केली. एका रकान्यात नावं, पुढच्यात कामं. छान दिसावं म्हणून नावं अकारविल्हे लावली. एक्सेलने मध्येच काहीतरी विचारलं, मी नको म्हणून टाकलं. नावं हलली, कामं जागच्या जागी राहिली!

यादी सगळ्यांना मोबाइलवर गेली. उकडीचे मोदक आले बँकेतल्या ब्रह्मचारी कुलकर्ण्यांकडे. आणि चतुर्थीच्या सकाळी ऐंशी उलटलेल्या पटवर्धन काकू पदर खोचून दारात उभ्या. "कुठंय ते मखर? उचलायचंय ना मला?"

*

आमचे तिवारीसाहेब हौशी माणूस. त्यांनी स्टाफची नावेची सहल काढली, पंचगंगा घाटावरून रामनगरला. यादी अर्थातच माझ्याकडे, "देवधरजी आजकल एक्सपर्ट हैं" म्हणून! (मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.)

बिनसाखरेचा चहा किती जणांना लागेल ते बघायला मी यादीला फिल्टर लावला. काढायला विसरलो. तीच प्रिंट नाववाल्याच्या हातात दिली आणि चहाचे थर्मास आणायला वर चौकात गेलो.

नाववाला काटेकोर निघाला. नाव पुकारून एकेकाला बसवलं आणि नाव सोडली! मी धापा टाकत पायऱ्या उतरलो, तर साहेब, मिश्राजी आणि निम्मा स्टाफ घाटावर. नावेत फक्त मधुमेही. आणि सगळ्यांची जिलबी त्यांच्याबरोबर!

साहेबांनी माझ्या हातातला थर्मास घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "इसमें चीनी भी नहीं है."

*

शेवटी परीक्षा आली. स्क्रीन समोर आली आणि माझं डोकं कोरं झालं. नाव तेवढं टाइप केलं, ठळक केलं, मधोमध आणलं. पुढे काही सुचेना. मॅडमनी सांगितलेलं एवढंच आठवलं, "कुछ समझ में न आये, तो कंट्रोल एस दबाते रहिए." मला काहीच समजत नव्हतं, म्हणून मी सतत सेव्ह दाबत होतो.

पेपर संपत आला आणि लाइट गेली! आमचे यूपीएस फक्त शिट्टी मारतात, ती मारून तेही गेले. मिश्राजींनी अख्खा पेपर सोडवला होता, सेव्ह काही केलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला. कुणाचंच काही वाचलं नव्हतं.

मी मात्र ताठ उभा राहिलो. "मैडम, मेरी फाइल सेव है!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसात हुशार ठरलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "जिनकी फाइल उड़ गयी, उनकी परीक्षा सोमवार को फिर से होगी. देवधरजी की फाइल तो है, वही जाँची जायेगी."

मी म्हटलं, "मैडम, मेरी भी उड़ी हुई मान लीजिए ना!"

"अरे, कैसे मान लें? आप ही तो सबके सामने बोले!"

लाइट आली. मॅडमनी फाइल उघडली, वर-खाली, डावी-उजवीकडे फिरून पाहिली. मग म्हणाल्या, "नाम बहुत सुंदर लिखा है."

घरी येऊन सुधाला सगळं सांगितलं. हसली नाही, रागावलीही नाही. ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली, बराच वेळ काहीतरी शोधत होती. उतरली, धूळ झटकली आणि एक घडी माझ्या हातात ठेवली.

"बलियाला डास फार असतात म्हणे. ही मच्छरदाणी न्या. सिंगल आहे."