त्रैक्याचा धडा आणि दुकानातले पप्पा

देव एकच आहे, याबद्दल आमच्या मंडळीत कुणाचंही दुमत नाही. मी एकच आहे की नाही, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.

याला कारण मी स्वतः. (माझी बायको मार्था म्हणते, "कारण नेहमी तुम्हीच असता, त्यात नवीन काय?") झालं असं, की आमच्या बऱ्हाणपूरच्या चर्चमध्ये तरुण संघाला शिकवणारी मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली. जागा रिकामी झाली. त्यातच कॉलेजात जाणाऱ्या पोरांना त्यांचे मित्र विचारू लागले, "तुम्हारे तीन भगवान हैं क्या?" आणि आमची पोरं उत्तर द्यायचं सोडून कँटीनकडे पळू लागली! पाळकसाहेबांना काळजी पडली. ते माझ्या दुकानात आले.

"वसंतभाऊ, पोरांना देवाच्या स्वरूपाविषयी शिकवायचं आहे. त्रैक्य, म्हणजे तीन असून एकच देव, हे समजावून सांगायचं आहे. तुम्ही प्रचारकाचे चिरंजीव. शास्त्र तुमच्या रक्तात आहे."

माझ्या रक्तात साखर आहे एवढंच मला ठाऊक होतं. शास्त्राची तपासणी कधी केली नव्हती. तरी मी लगेच हो म्हणालो. त्याचं खरं कारण पाळकसाहेबांना सांगितलं नाही. खरं कारण योएल होता. माझा एकुलता एक मुलगा.

योएलचं बी.कॉम. झालं होतं आणि त्यानं दुकानात बसावं असं मला वाटत होतं. आमचं मोटरपंपांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. सगळी केळीवाल्या शेतकऱ्यांची गिऱ्हाइकी. योएलला इंदूरला जाऊन अॅनिमेशन शिकायचं होतं. यावर आमचं एक संभाषण झालं. म्हणजे मी बोललो. त्यानंतर घरातला सगळा व्यवहार मार्थाच्या मार्फत सुरू झाला.

"मम्मी, पप्पांना सांग, गाडीत पेट्रोल नाही."

मी समोरच बसलेलो असायचो! हात लांबवला तर त्याचा कान हाताला लागला असता. (लांबवला असता तर काय झालं असतं, ते वेगळं.)

पण तरुण संघात योएल नेमानं जायचा. मनात आलं, तिथं तरी त्याला माझ्यासमोर तासभर गप्प बसून ऐकावं लागेल. देवाचं स्वरूप हे निमित्त. मी इतका चलाख माणूस आहे, हे मला तेव्हाच कळलं.

आमचे आबा मात्र खूश नव्हते. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर गावोगाव फिरून सुवार्ता सांगितलेले निवृत्त प्रचारक. आता कानात यंत्र आणि हातात काठी. शनिवारी जेवताना ते म्हणाले, "वसंता, एक ध्यानात ठेव. त्रैक्याला उदाहरण देऊ नकोस. उदाहरण दिलं की माणूस पाखंडात पडतो."

"मग शिकवू कसं?"

"लिहिलंय तसं वाच. प्रार्थना कर. घरी ये."

मला वाटलं, म्हाताऱ्याला हेवा वाटतोय!

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. चांगला भरला, कारण वर्गानंतर मावा जलेबी आहे असं मार्थानं परस्पर जाहीर केलं होतं. (शास्त्रासाठी इतकी गर्दी आमच्याकडे नाताळातसुद्धा होत नाही.) मार्था दाराशी बसली. आबा मागच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून. योएल खिडकीपाशी.

मी खणखणीत सुरुवात केली. "बाप देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. तरी देव तीन नाहीत, एकच आहे. समजलं?"

"नाही, अंकल," रिबेका म्हणाली. ही आमच्या शेजारच्यांची मुलगी. तोंडानं फटकळ, पण गाते छान. "हे तर आम्हाला पण पाठ आहे. पण तीन असून एक कसा? समझाना कैसे है?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. योएलनंसुद्धा फोनमधून मान वर काढली. कित्येक महिन्यांनी माझा मुलगा माझ्याकडे बघत होता! बस्, माझा तोल गेला. मी उदाहरण दिलं.

"अगदी सोपं आहे! माझ्याकडे बघा. दुकानात मी शेठ. घरी मी बाप. इथं चर्चच्या कमिटीत मी पंच. शेठ, बाप, पंच! नावं तीन, कामं तीन, पण माणूस?"

"एक!" पोरं ओरडली.

"पाखंड!" मागून आबा ओरडले.

"आबा, थांबा हो जरा..."

"अरे, शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती मंडळीनं ही शिकवण मोडीत काढली! एकच देव तीन सोंगं घेतो म्हणे! बहुरूपी आहे का तो?"

पोरं हसली. मीही हसलो, कारण पंचाला हसावं लागतं. तेवढ्यात खिडकीपाशी एक हात वर झाला. योएलचा.

"पप्पा, माझा एक डाउट आहे."

पप्पा! थेट मला! मध्ये मम्मी नाही! "विचार, बेटा, विचार."

"दुकानातला माणूस आणि घरातला माणूस एकच आहे, याला पुरावा काय?"

सगळ्या माना योएलकडे वळल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दुकानातले पप्पा हसतात. धूलकोटहून कुणी केळीवाला आला, की त्याला पाणी देतात, चहा मागवतात, त्याच्या पोराचं कसं चाललंय ते विचारतात. पोरगं नापास झालं असेल तर म्हणतात, होतं हो भाऊ, पोरं आहेत, सांभाळून घ्या. मी स्वतः ऐकलंय. असा माणूस आमच्या घरी कधी नाही आला. मला तर हे दोघं एक नाही वाटून राहिले."

"अंकल, मग तीन झाले ना?" रिबेकानं भाबडेपणानं विचारलं. (ती भाबडी नाही.)

"एकच आहे! विचारा तुमच्या आंटीला!" मी म्हणालो. माणूस बुडायला लागला की काय धरेल सांगता येत नाही. मी मार्थाला धरलं.

मार्था पदराशी चाळा करत म्हणाली, "एकदा घरातला फोन बिघडला होता, म्हणून मी शेजारणीच्या फोनवरून दुकानात फोन लावला. हे म्हणाले, 'नमस्कार, बोला ताई, काय सेवा करू?' इतकं गोड! मी ऐकतच राहिले. मग म्हटलं, अहो, मी मार्था. तर म्हणाले, 'काय आहे?'"

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

"मी काही म्हटलंच नाही मग," मार्था म्हणाली. "ठेवून दिला."

मी घाम पुसला. "हे बघा, आपण देवाविषयी बोलत होतो."

"तेच तर बोलून राहिलो, पप्पा," योएल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "तुम्ही म्हणता देव तुमच्यासारखा आहे. मग मी प्रार्थना करतो तेव्हा समोर कोणता येतो? दुकानातला आला तर ठीक. घरातला आला तर?"

"गप्प बस!"

मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला, की टेबलावरचं पवित्र शास्त्र खाली पडलं! पुढच्या बाकावरची दोन पोरं उठून उभी राहिली. भिंतीवरची पाल पळाली. आणि दारात, हातात मावा जलेबीचं ताट घेऊन, पाळकसाहेब उभे होते.

योएल खाली वाकला, पवित्र शास्त्र उचललं, रुमालानं पुसलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. मग वर्गाकडे वळून म्हणाला, "हे बघा. हे घरातले."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना केली. तीत "क्रोध" हा शब्द बऱ्याच वेळा आला. मग सगळ्यांनी जलेबी खाल्ली. मलाही दिली. खाववेना.

"वसंतभाऊ," पाळकसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही दुकानाच्या कामानं फार थकलात. थोडी विश्रांती घ्या." आमच्या मंडळीत कुणालाही काढून टाकत नाहीत. विश्रांती देतात.

मार्था आणि योएल पुढे निघून गेले. मी आबांना धरून हळूहळू घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी आबा थांबले.

"तुझं चुकलं कुठं, माहीत आहे? बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं एकमेकांवर प्रीती करतात, रे. ते त्रैक्य. तू तर एकटाच तिन्ही ठिकाणी मालक! त्यात दुसऱ्याला जागाच कुठं आहे?"

फार सुंदर बोलले. आयुष्यभर असंच सुंदर बोलत आले. गावोगावची माणसं ऐकायची आणि डोळे पुसायची. आम्ही भावंडं मात्र त्यांची सायकल दारात वाजली की पलंगाखाली शिरायचो. ते मला तिथं, भर रस्त्यात आठवलं.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही घरी यायचात, तेव्हा कोणते आबा यायचे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानातलं यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि काठी टेकत चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून प्रयत्न केला. योएल चहाला आला तसा मी दुकानातला आवाज काढला. "या, या! बसा! चहा घेणार ना? साखर कमी की जास्त?"

योएल जागच्या जागी थांबला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "मम्मी, पप्पांना ताप आहे का बघ."

पुढच्या महिन्यात मी त्याची इंदूरची फी भरली. मोठ्या मनानं वगैरे नाही. मार्थानं सांगितलं, तो जाणारच आहे, तुम्ही भरा नाहीतर नका भरू. म्हटलं, निदान भरणारा तरी होऊ. पावती दिली तेव्हा तो "थँक्यू" म्हणाला. गिऱ्हाईक म्हणतं तसं. म्हणजे आवाज कुणाकडून शिकलाय, ते दिसलंच.

अभ्यासक्रम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून पाळकसाहेबांनी तोवरचे वर्ग योएलला घ्यायला सांगितले. तो उत्तम शिकवतो. आबासुद्धा यंत्र लावून ऐकतात. पहिल्याच वर्गात तो म्हणाला, "देव कसा आहे, हे माणसाला पूर्ण सांगता येत नाही. उदाहरण दिलं की गडबड होते. म्हणून आपण उलट बाजूनं सुरू करू. देव कसा नाही, ते आधी पाहू."

आणि सगळा वर्ग वळून मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघू लागला.

तेव्हापासून मी पहिल्या बाकावरच बसतो. पोरांच्या माना तरी दुखायला नकोत!