लंगडीचं पान

दहीभाताचा वास आला की भालकीजवळचं, आमच्या गाढवांच्या गोठ्यामागचं तळं आठवतं. बायकोचा दहावा होता आणि कावळा काही पिंडाला शिवेना. धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, गाढवांचा विटाळ हाय. विकतो म्हण, लगेच शिवंल." वीटभट्टीवरून सोडवून आणलेली ती गाढवं तिनं जखमांना हळद-तेल लावून उभी केली होती. मी म्हणालो, "मरेस्तोवर विकणार न्हाई." तेवढ्यात रोज तिच्या हातची भाकरी खाणारी लंगडी गाढवी मागून आली आणि पिंडाला तोंड लावलं. सगळे काठ्या घेऊन धावले. मी मध्ये उभा राहिलो. म्हटलं, "कामून हाकलायलाव? पोचलं तिला." आता दर वर्षी श्राद्धाचं पान मी लंगडीपुढंच ठेवतो. कावळ्याला हवं असलं तर त्यानं यावं.