घाव मोजून लिही

मला लिहायला शिकवलं ते माणदेशातल्या एका पोलीस ठाण्यातल्या जमादारांनी. ठाण्याची सगळी लिखापढी त्यांच्याकडं, म्हणून सगळे त्यांना 'रायटर' म्हणायचे. पाटणकडचे, फौजेतून परत आलेले, जेमतेम सातवी शिकलेले. मी मॅट्रिक झालेला, अक्षर वळणदार, शिवाय चोरून कथा लिहायचो. पोलिसात भरती होऊन वर्ष व्हायच्या आत मला त्यांच्या हाताखाली बसवलं. मनातून वाटायचं, हे मला काय शिकवणार?

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण विहिरींना अजून पुरतं पाणी नव्हतं. म्हसवडच्या बाजूला एका वस्तीवर दोन सख्ख्या भावांची सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि थोरल्यानं धाकट्याला कुऱ्हाडीनं तोडला. आम्ही पोचलो तेव्हा थोरला बांधावर बसून होता, कुऱ्हाड पायाशी. पळून गेलाच नव्हता. विहिरीजवळ प्रेत पालथं पडलेलं, मान मागून उघडी झालेली, त्यावर माश्यांचा थर. मी लिंबाच्या झाडामागं जाऊन ओकलो.

प्रेताचा पंचनामा जमादारांनी केला. जागेचं वर्णन मला लिहायला सांगितलं. मी झाडाखाली बसून एका दमात पान भरवलं. 'निर्घृण हत्या', 'रक्ताच्या थारोळ्यात निष्प्राण देह', 'अंगावर काटा आणणारे दृश्य'. जमादारांनी वाचलं आणि कागद टराटरा फाडला.

"थारोळं केवढं होतं?"

"लय मोठं होतं."

"लय म्हंजे किती? मोजलंस?"

त्यांनी मोजपट्टी माझ्या छातीवर फेकली. "काटा तुज्या अंगावर आला. त्यो तुज्यापाशी ठेव. कागदावर काय पडलंय, किती हाय, कुटं हाय, तेवडंच लिव. वाचणाऱ्याला काटा यायचा आसंल तर त्याचा त्याला यील."

रागानं माझे कान तापले होते. तरी गुडघ्यावर बसलो. रक्त मातीत जिरून काळं पडलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद. मोजता मोजता बाजूच्या एका धोंड्याच्या कडेला हिरव्या काचेचे तीन तुकडे दिसले. बांगडीचे. एकाला रक्त होतं. झाडाखाली बसून लिहिताना ते मला दिसले नव्हते, आणि कितीही भारी शब्द वापरले असते तरी दिसले नसते.

मयताच्या बायकोनं आधी सांगितलं होतं, मी घरात होते, आरडाओरडा ऐकून धावत आले. दुसऱ्या दिवशी जमादार तिच्या उंबऱ्याशी बसले. मी शेजारी, कागद घेऊन.

"बाई, तुमच्या बांगड्या कुटं फोडल्या?"

"हितंच. घरात."

"मग हिरीवर काचा कुणाच्या?"

तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मनगट सुजलेलं, त्यावर काचेचे चरे. "सासू म्हनली, येक ल्योक गेला, दुसरा तुज्या तोंडानं घालवू नगंस." आणि मग ती थांबेना. "मी मदी पडले. थोरल्याच्या पायाला मिटी मारली. त्यानं लाथंनं मला उडवलं, हात धोंड्यावर आपाटला. मालकांवर कुराड टाकली. पयल्या घावाला मालक 'दादा' म्हनले. दुसऱ्याला कायच बोलले न्हाईत."

मी लिहिलं, 'आरोपीने माझ्या पतीवर प्राणघातक हल्ला करून त्यांना जागीच ठार केले.' जमादारांनी जबाब तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला.

ती म्हणाली, "आवं, ह्यात 'दादा' कुटं हाय?"

जमादारांनी नवा कागद माझ्यापुढं सरकवला. ह्या खेपेला मी तिचे शब्द तिच्या क्रमानं लिहिले. वाचून दाखवलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि अंगठा पुढं केला.

ठाण्यात परतलो तेव्हा थोरला कोठडीत बसला होता. मला बघून म्हणाला, "सायब, वाईच तंबाखू मिळंल का?" अगदी साध्या आवाजात. मी कुलूप काढलं, कंबरेचा पट्टा काढला आणि त्याला मारलं. पाठीवर दोनदा, तिसऱ्यांदा तोंडावर. बक्कल भुवईला लागलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं हातसुद्धा वर केला नाही. मला बरं वाटत होतं, हे खरं.

जमादार दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातला पट्टा काढून घेतला, थोरल्याची जखम धुतली, डॉक्टरकडं माणूस धाडला. मग ठाण्याची डायरी माझ्यापुढं उघडली.

"लिव."

"काय लिहू?"

"आत्ता केलंस ते. दुसऱ्याचा घाव मोजलास ना? आता तुजा मोज."

मी 'आरोपीस किरकोळ दुखापत झाली' असं लिहायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. "झाली? आपोआप झाली?" प्रेताशेजारी बसून लिहिणं त्यापुढं सोपं होतं. शेवटी लिहिलं, 'मी आरोपीस पट्ट्याने तीन वेळा मारले. तिसरा मार भुवईवर बसला.' दोन वाक्यांना अर्धा तास लागला.

साताऱ्याला खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलानं ती नोंद वाचून दाखवली आणि सगळी केस मारून मुटकून उभी केल्याचं म्हणाला. मला विचारलं, मारलंत का? मी हो म्हणालो; त्या बाईचा जबाब ऐकून आलेल्या रागानं मारलं, कबुलीसाठी नाही, हेही सांगितलं. मग ती बाई उभी राहिली. वकिलानं तिला चारही बाजूंनी घेरलं. ती 'दादा' शब्दापासून हलली नाही. थोरल्याला जन्मठेप झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघांची आई भिंतीला डोकं आपटत होती. रक्त आलं तशी दोन बायकांनी तिला धरली. सून तिच्याजवळ गेली, तर म्हातारीनं तिच्या थोबाडीत मारली. सून तिथंच उभी राहिली. पुढं ती जतकडं माहेरी गेली, एवढंच कळलं.

मला शिक्षा म्हणून शिरवळला टाकलं. हायवेवर रोज अपघात, रोज काच आणि रक्त. ड्यूटीवर जायच्या आधी पहाटे मी आदल्या दिवशीचं एक पान लिहायला लागलो. एकच नेम होता: जे बघितलं तेच लिहायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि माझी चूक असेल तिथं 'मी' हा शब्द खोडायचा नाही. पहिली दोन वर्षं त्यातलं काहीच छापण्याजोगं नव्हतं. तिसऱ्या वर्षी सांगलीच्या एका दिवाळी अंकानं माझी कथा घेतली. जमादार तोवर निवृत्त होऊन पाटणला गेले होते; अंक मी त्यांना तिकडं पाठवला. त्यांचं कार्ड आलं: कथा वाचली, बरी आहे, दुसऱ्या पानावर विनाकारण रडला आहेस.