तातेरावांची विलायती सुपारी

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बियाणे कंपनीचे संशोधन-शेत होते. तातेराव तेथे रखवालदार होते. गृहस्थ सरळ, परंतु कापसाच्या वाणांविषयी असे गंभीरपणे बोलत, की नवखा माणूस त्यांनाच साहेब समजून नमस्कार करी. तातेराव तो नमस्कार कधी नाकारीत नसत.

सन १९९४ मध्ये सत्यशीलाबाई नावाच्या संशोधक तेथे रुजू झाल्या. त्यांनी थंड मुलखातील हेझल या झुडपाची फळे मागविली. फळ सुपारीएवढे, तपकिरी, टणक कवचाचे. आत बदामासारखा गर. हे बी थंडी सोसल्यावाचून रुजत नाही, म्हणून बाई ते ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवू लागल्या.

"म्याडम, बीला फ्रिजात निजवून राह्यल्या व्हय?" तातेरावांनी विचारले.

"मामा, हिवाळा येऊन गेला, असं त्याला वाटलं पाहिजे. मगच ते जागं होतं."

"म्हंजे बिलकुल फसवायचं म्हना की!"

तत्पूर्वी बाईंनी सारी फळे पाण्यात टाकली होती. जी तरंगली ती वेगळी काढून त्या म्हणाल्या, "एवढी टाकून द्या, मामा." का टाकायची, हे तातेरावांनी विचारले नाही. साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसास ते शोभले नसते. विलायती वस्तू उकिरड्यावर टाकणेही त्यांच्या जिवावर आले. त्यांनी ती पुसून आपल्या चंचीत, पानसुपारीच्या शेजारी जपून ठेवली.

माघात तातेरावांच्या मुलीची, उषाची, सोयरीक भोकरदनला ठरली. मुलगा शिक्षक, घर चांगले. उषाच्याही मनास आले होते. सुपारी फोडण्यास पाहुणे आले. सत्यशीलाबाईही आल्या होत्या. मुलाचे काका बद्रीनाथ अडकित्ता सरसावून बसले. एवढ्या मोठ्या पाहुण्यांपुढे वाण्याकडील सुपारी काय ठेवायची, असा विचार करून तातेरावांनी चंचीतून हेझल काढले व अभिमानाने ताटात ठेवले.

"विलायती हाय. जालन्यात दुसऱ्या कोनाकडं न्हाई!"

अडकित्ता दाबला. कवच फुटले. आत काहीच नव्हते.

"पोकळ!" बद्रीनाथ उभे राहिले. "पहिल्याच घासाला खडा! ही सोयरीक आपल्याला न्हाई पटत. चला."

तातेरावांच्या तोंडचे पाणी पळाले. दारामागे उभ्या असलेल्या उषाने पदराचे टोक दातांत धरले.

सत्यशीलाबाई पुढे झाल्या. "काका, ही सुपारी नाही. या फळाचं कवच आधी पुरं वाढतं, गर मागून भरतो. कधी कधी भरतच नाही. असं पोकळ फळ पाण्यात तरंगतं, म्हणून मी मामांना टाकायला सांगितलं होतं. त्यात मुलीचा काय दोष?"

"मंग आमच्यापुढं खोटी सुपारी ठिवली?" बद्रीनाथ अधिकच तापले.

तोवर मुलाची आई द्वारकाबाई शांतपणे पान लावीत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, सुपारीच न्हाई म्हनल्यावर फुटली काय? आन् फुटलीच न्हाई तर अपशकुन कशाचा? बसा खाली. पोराला पोरगी पसंत हाय."

मंडळी हसली. बद्रीनाथांना बसावे लागले, परंतु मान राखण्यासाठी त्यांनी फर्मावले, "आता माझ्या खिशातली फुटंल. खास पारखून आनलीय!"

त्यांनी स्वतःची सुपारी अडकित्त्यात धरली व जोराने दाबली. सुपारी दुभंगली. शेजारी बसलेल्या तातेरावांना स्पष्ट दिसले, की ती आतून पार किडलेली असून तिच्यातून काळी भुकटी गळत होती. बद्रीनाथांनीही ते पाहिले. दोघांची नजरानजर झाली.

बद्रीनाथांनी झटकन मूठ मिटली.

"कशी निघाली, भावजी?" द्वारकाबाईंनी विचारले.

"एक नंबर!" बद्रीनाथ गरजले. "आता बघत काय बसले? गूळ वाटा की जल्दी!"

तातेरावांनी गुळाचा सर्वांत मोठा खडा उचलला आणि बद्रीनाथांनी आणखी काही बोलण्यापूर्वी तो स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घातला.